मुरुडला दोन रात्री

जंजिरा बहुतेक लोक एका दिवसात उरकतात. अलिबागहून यायचं, राजपुरीला नावेत बसायचं, किल्ला पाहायचा आणि परत. आम्ही जळगावहून निघालो तेव्हाच दोन रात्री राहायचं ठरवलं, ते अम्मींमुळे. सत्तरी ओलांडली, गुडघे दुखतात आणि समुद्र कधी पाहिलेला नाही. कल्याणपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी, एवढ्यानेच त्या थकणार हे दिसत होतं.

मुरुडच्या किनाऱ्यावरच्या एका साध्या हॉटेलात तळमजल्याची खोली घेतली. समोरच वाळू. समुद्रात दिसतो तो मात्र जंजिरा नव्हे, शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग. जंजिऱ्यासाठी दक्षिणेला राजपुरीला जावं लागतं. फजरनंतर ओहोटीत अम्मी ओल्या वाळूवर निवांत चालल्या. खारं पाणी बोटाने चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर आम्ही तिघेच गेलो. पायरीशी नाव वरखाली होते. तिथे उतरणं अम्मींना झेपलं नसतं. आत भिंती पडल्या आहेत, पण पाण्याची सोय पाहून खानदेशी माणूस थांबतोच: चारही बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. तट, तोफा यांच्याइतकाच या पाण्याचाही किल्ला टिकण्यात वाटा असणार. हबशातून आलेल्या सिद्दींचं हे संस्थान 1948 साली भारतात विलीन झालं. शाळेत आम्हाला सिद्दी भेटला तो फक्त मराठ्यांचा शत्रू म्हणून. ती लढाई खरीच होती, पण गोष्ट तेवढीच नाही. इथल्याच नाझली बेगम 1908 साली नवाबांबरोबर युरोप आणि इस्तंबूलपर्यंत गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत 'सैर-ए-युरोप' लिहिलं. एका बाईने लिहिलेलं प्रवासवर्णन, तेही त्या काळात! आमच्या मुलीला किल्ल्यापेक्षा हेच जास्त आवडलं.

अम्मींसाठी दुपारी खोकरीला गेलो. राजपुरीजवळच सिद्दींचे घुमटदार दगडी मकबरे आहेत. गाडीतून उतरल्यावर फार चालावं लागत नाही. फातेहा पढून त्या बराच वेळ सावलीत बसल्या. "आपल्या थाळनेरसारखंच आहे," म्हणाल्या. धुळे जिल्ह्यात, तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत; त्यांचं माहेर तिकडचंच.

जेवणाचं आधी सांगून ठेवावं. एका कोकणी मुस्लिम घरी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण मिळालं. अम्मींनी मात्र घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचाच काढला. घरच्या बाईंनी त्यातला तुकडा मागून घेतला आणि मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

पावसाळ्यात किल्ल्याच्या नावा बंद असतात, म्हणून जायचं तर थंडीतच. आणि खोली तळमजल्याचीच मागा.