माळ्यावरची बंदूक : वारसा कोणाचा, परवाना कोणाचा?

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील जुन्या शेतकरी घरांत एखादी बंदूक सापडणे नवलाचे नाही. नार्व्यासारख्या गावात कोयता, पारय यांच्या जोडीला बंदूक हेही बागायतीचे एक अवजारच मानले जाई. काजूच्या दिवसांत माकडांना पळवावे आणि भात पोटरीत आले की रानडुकरांसाठी रात्री एखादा बार काढावा, एवढेच तिचे काम. घरातील कर्ता पुरुष वारला की हे अवजार माळ्यावर जाते. शेत, घर आणि दागिने यांच्या वाटण्या होतात, पण बंदुकीकडे कोणी पाहत नाही. घोटाळा इथेच सुरू होतो, कारण बंदूक वारशाने येत असली तरी परवाना वारशाने येत नाही.

या बंदुका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. सर्वांत जुनी ठासणीची. तिच्या नळीत तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासायचे आणि चापाखालच्या टोपीने बार उडवायचा. दुसरी काडतुसाची, एकनळी किंवा दुनळी, बहुधा 12 बोअरची. 12 या आकड्याचा अर्थ अनेकांना ठाऊक नसतो. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या 12 गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती 12 बोअर. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते.

तिसरा प्रकार आपल्याकडे क्वचितच आढळतो. ती 'पंप ॲक्शन' बंदूक. तिच्या नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते आणि लाकडी मूठ मागेपुढे सरकवली की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत जाते. अमेरिकेत जॉन ब्राऊनिंग यांनी आखलेली 'विंचेस्टर 1897' ही या कुळातील सर्वांत गाजलेली. 1957 पर्यंत तिचे दहा लाखांहून अधिक नग तयार झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी ती खंदकांत वापरली, तेव्हा जर्मनीने 1918 मध्ये अधिकृत निषेध नोंदवला होता. तिकडे या बंदुका हौसेने जमवल्या जातात आणि हंगामात बदकांच्या शिकारीलाही नेल्या जातात. आपल्याकडे तशी हौस कायद्याच्या चौकटीत जवळपास मावतच नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वाडवडिलांकडून आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. दोन नगांना संग्रह म्हणायचे तरी कसे? शिवाय 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळपास थांबल्याने जुन्या परदेशी बंदुकीला आपल्याकडे अवाजवी भाव आला. हा भाव दुर्मीळतेचा आहे, गुणाचा नव्हे.

वस्तुतः जुनी बंदूक जितकी देखणी, तितकीच ती हाताळताना जपावे लागते. काही जुन्या दुनळींच्या नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेली ही 'दमास्कस' नळी काळ्या दारूसाठी बनवलेली असते. आजच्या धूररहित दारूचा दाब ती सोसेलच असे नाही. काडतुसाच्या लांबीचाही प्रश्न आहे. अनेक जुन्या बंदुकांचे घर 65 मिलिमीटरचे असते. आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताना मात्र ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. 'विंचेस्टर 1897' ची खोड निराळी. चाप दाबून धरलेला असताना मूठ पुढे सरकवली की बार आपोआप उडतो. आपल्या पावसाळ्याचीही यात भर पडते. चामड्याच्या म्यानात चार महिने ठेवलेल्या नळीला आतून गंज चढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय माळ्यावरच्या बंदुकीत काडतूस भरू नये.

आता परवान्याविषयी. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 21 नुसार, बंदूक बाळगण्याचा कायदेशीर अधिकार संपला की ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यावर घरच्यांवर हीच जबाबदारी येते. जमा केल्यावर वारसाने स्वतःच्या नावे परवाना घेऊन ती परत मिळवावी किंवा विकून टाकावी. दोन्हींपैकी काहीच न करता मुदत उलटली, तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. माझ्या मते अधिक शहाणपणाची वाट याआधीचीच आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाने वयाची 70 वर्षे पूर्ण केली किंवा बंदूक 25 वर्षे बाळगली, तर तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. आपल्याकडील कितीतरी वृद्ध बागायतदार यात बसतील. हे टाळून बंदूक तशीच घरात राहिली, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. 'आजोबांची आठवण' हा न्यायालयात बचाव ठरत नाही. दुरुस्त करूनही जिच्यातून बार काढता येणार नाही, अशा कालबाह्य बंदुकीला तेवढी सूट आहे, पण ती तशी आहे की नाही हे आपण घरबसल्या ठरवू नये.

पीकरक्षणासाठी कायद्याने ठासणीची बंदूक गृहीत धरली आहे. ती अपुरी पडते असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर होऊ शकते. नव्या परवान्यासाठी आणखी एक अट आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 नुसार, अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य नार्व्यापासून दूर नाही, हे येथील अर्जदाराने ध्यानात ठेवावे.

पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गावोगावी सर्वाधिक गैरसमज याचाच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात केवळ मारणे नव्हे, तर जखमी करणे, सापळा लावणे आणि त्या हेतूने हाकणे यालाही शिकारच म्हटले आहे. रानडुक्कर आता अनुसूची 2 मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका ठरलेले जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, शेतकरी स्वतःहून ती घेऊ शकत नाही. बिहार आणि उत्तराखंडमध्ये काही काळ रानडुकरांना उपद्रवी घोषित केले होते. गोव्यात 2016 मध्ये तशी चर्चा झाली, पण त्यात गवा आणि मोर यांचीही नावे आल्याने वादच अधिक माजला. जिवावर बेतले असता स्वसंरक्षणार्थ जनावर मारणे गुन्हा नाही. तरीही ते मेलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. त्याची सागोती करून वाटणारा मनुष्य स्वसंरक्षणाचा बचाव स्वतःच्या हाताने मोडतो.

शेतकऱ्याची एक तक्रार मात्र रास्त आहे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. 2024 मध्ये आचारसंहिता 16 मार्चला लागली, गोव्यात मतदान 7 मे रोजी झाले आणि निकाल 4 जूनला लागला. काजूचा सगळा हंगाम आणि वायंगणाची कापणी यातच गेली. निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये सरसकट जमा करण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा, असे अपेक्षित आहे. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे किंवा पूर्वी दंगलीत गुंतलेले परवानाधारक यांच्यावर तिचा मुख्य रोख असतो. ज्याला बागायतीसाठी बंदुकीची खरोखर गरज आहे, त्याने नोटीस हाती पडताच एक-चौदाचा उतारा, परवान्याची प्रत आणि पिकाच्या नुकसानीची नोंद जोडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोचपावती घ्यावी.