विदर्भातील उन्हाळा आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्डची निवड : कारंजा लाडच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : मदरबोर्ड, ओव्हरक्लॉकिंग, व्हीआरएम, तापमान, स्थैर्य, बिघाडनिदान

प्रस्तावना :

प्रोसेसरला निर्मात्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. हा केवळ संगणकीय खेळ खेळणाऱ्या तरुणांचा छंद आहे, असा समज महाविद्यालयीन वर्तुळात आढळतो. हा समज पूर्णतः खरा नाही. आज मिळणाऱ्या अनेक मेमरी मोड्यूल्सवर छापलेली गती ही मदरबोर्डवरील एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय सुरू केल्यावरच मिळते, आणि ही सोयदेखील ओव्हरक्लॉकिंगचाच प्रकार आहे. म्हणजेच सांख्यिकी विश्लेषणासाठी अथवा चित्रफीत संपादनासाठी वेगवान संगणक जुळवून घेणारा प्राध्यापक नकळत याच वाटेने जात असतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवीन नाही. अशा ठिकाणी मदरबोर्ड कसा निवडावा आणि तो अडल्यास दोष कसा शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. त्याचा गुणक ४.५ असा कायम होता व बसची वारंवारिता ६६ मेगाहर्ट्‌झ होती. हीच वारंवारिता १०० केल्यास प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. अबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर हा बदल जंपर न हलविता बायोसमधूनच करता येई. प्रोसेसर तोच, परंतु बोर्ड बदलला की सामर्थ्य बदलते, ही गोष्ट तेव्हापासून हौशी वर्गात रुजली.

पुढे निर्मात्यांनी ही मोकळीक नियंत्रित केली. २०११ पासून इंटेलच्या मुख्य प्रवाहातील प्रोसेसरांत गुणक वाढविण्यासाठी साधारणतः नावात ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट अशी जोडी आवश्यक ठरली. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर बी६५० व एक्स६७० हे चिपसेट प्रोसेसरची गती वाढवू देतात, ए६२० देत नाही. म्हणून खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न चिपसेटचा असतो. मात्र तो शेवटचा प्रश्न नव्हे.

उष्णतेचे गणित :

प्रोसेसरला लागणारी गतिक शक्ती ही वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारिता १० टक्के वाढविली आणि ती पेलण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढविले, तर शक्ती १.१ × १.२१, म्हणजे सुमारे १.३३ पट होते. दहा टक्के लाभासाठी तेहतीस टक्के अधिक उष्णता, असा हा व्यवहार आहे.

हीटसिंक आणि पंखा ही उष्णता खोलीतील हवेत सोडतात. ते प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, खोलीच्या तापमानापासून त्याचे अंतर केवळ मर्यादित ठेवतात. २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७८ अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत सुमारे ९५ अंशांवर पोहोचतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा नेमकी ९५ अंश आहे. त्यानंतर प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो आणि वाढविलेल्या गतीचा लाभ संपतो. तात्पर्य, जानेवारीत यशस्वी ठरलेली मांडणी मे महिन्यात टिकेलच असे नाही.

मदरबोर्डची निवड :

१) व्हीआरएम : वीजपुरवठा संचाकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरविणारा भाग म्हणजे व्हीआरएम. प्रोसेसर १.२५ व्होल्टवर २०० वॅट घेत असेल तर प्रवाह १६० अँपिअर होतो. तो दहा फेजमध्ये विभागल्यास प्रत्येकीवर १६ अँपिअर येतात, पाच फेजमध्ये ३२. रोधामुळे होणारी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, एकाच दर्जाचे घटक धरले तर पाच फेजच्या बोर्डावर अशी एकूण हानी दुप्पट होते. तथापि जाहिरातीतील फेजची संख्या पुरेशी नसते. प्रत्येक घटकाची प्रवाहक्षमता आणि त्यावरील हीटसिंकचे वस्तुमान हेही पाहावे. नुसते शोभेचे आवरण म्हणजे हीटसिंक नव्हे.

२) कपॅसिटर : द्रव इलेक्ट्रोलाइट असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष कपॅसिटर फुगून असंख्य बोर्ड निकामी झाले होते. उष्ण प्रदेशात घन पॉलिमर कपॅसिटर असलेलाच बोर्ड घ्यावा.

३) दुरुस्तीच्या सोयी : प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स व बूट यांपैकी कोणत्या टप्प्यावर संगणक अडला हे दाखविणारे दिवे, सीमॉस पुसण्याचे बटण आणि यूएसबीवरून बायोस पुन्हा भरण्याची सोय या तीन गोष्टी चैनीच्या नाहीत. कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावी असे बोर्ड बहुधा अकोला, अमरावती, नागपूर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतात. बोर्ड परत पाठविणे म्हणजे कित्येक दिवसांचा खोळंबा होय.

४) बायोसची अद्ययावतता : २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसरांचे जळण्याचे प्रकार उघडकीस आल्यावर एसओसी व्होल्टेज १.३ पर्यंत मर्यादित करणारे बायोस देण्यात आले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही प्रोसेसरांत अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थैर्य आढळले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला. त्याने पुढील हानी टळते, झालेली हानी मात्र भरून येत नाही. बोर्डाची मूळ मांडणी सुरक्षितच असते, हे गृहीतक या दोन्ही प्रसंगांनी खोटे ठरविले.

बिघाडनिदान :

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना दिला जाणारा हा धडा येथेही तंतोतंत लागू पडतो.

संगणक सुरू होऊनही पडद्यावर काहीच न दिसल्यास प्रथम वीज बंद करून सीमॉस पुसावे, म्हणजे बायोसची मूळ मांडणी परत येते. त्यानंतर मेमरीचे एकच मोड्यूल, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवून पाहावे. प्रोसेसरजवळील आठ पिनांची वीजजोडणी पूर्ण बसली आहे का, हेही तपासावे. डीडीआर५ मेमरीच्या चारही खाचा भरल्यास छापील गती अनेकदा मिळत नाही. तो बोर्डाचा दोष मानू नये.

केवळ भार वाढल्यावर संगणक बंद पडत असेल तर व्होल्टेजची घसरण, व्हीआरएमचे तापमान आणि वीजपुरवठा संच या क्रमाने शोध घ्यावा. भार वाढताच व्होल्टेज किंचित खाली येते, लोड-लाइन कॅलिब्रेशनने ती घसरण कमी करता येते. परंतु ही मांडणी टोकाला नेल्यास भार हटताच व्होल्टेज क्षणभर उसळते, म्हणून मधला स्तर इष्ट. दोष दुपारीच उद्‌भवतो आणि रात्री नाहीसा होतो, असे दिसल्यास संशय प्रथम तापमानावर घ्यावा, त्याबरोबर घरातील विद्युतदाबाची चढउतार आणि अर्थिंगही तपासून घ्यावे. विदर्भात घरोघरी चालणाऱ्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. दमट हवेने धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून बसते आणि थंडाव्याऐवजी अडथळा निर्माण होतो.

स्थैर्याचा प्रश्न :

संगणक बंद पडत नाही म्हणजे तो स्थिर आहे, असे मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत घातक चूक होय. मर्यादेच्या काठावर चालणारा प्रोसेसर किंवा मेमरी कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर देऊ शकते. खेळात त्यामुळे पडद्यावर एखादा ठिपका चुकेल, संशोधनात मात्र सहसंबंध गुणांक चुकेल आणि तो तसाच प्रबंधात छापला जाईल. प्राइम९५ हा चाचणी कार्यक्रम आपली गणिते ज्ञात उत्तरांशी ताडून पाहतो, म्हणूनच तो उपयुक्त आहे. मेमरीसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावा. विंडोजच्या नोंदींत ‘व्हिया’ या नावाने दिसणाऱ्या हार्डवेअर त्रुटींची दखल घ्यावी. या चाचण्या वर्षातील सर्वांत तप्त दिवसांत, दुपारी, पुन्हा घ्याव्यात.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, कारंजा लाडसारख्या गावी मदरबोर्डची निवड ही गतीपेक्षा उष्णता पेलण्याच्या क्षमतेची निवड आहे. उत्तम व्हीआरएम असलेल्या बोर्डाचा येथील खरा उपयोग हिवाळ्यात गती वाढविण्याइतकाच उन्हाळ्यात व्होल्टेज व शक्तिमर्यादा विचारपूर्वक खाली आणण्यासाठीही आहे. त्यासाठी बायोसमध्ये दोन ऋतूंच्या दोन मांडण्या जतन करून ठेवाव्यात. गुणपत्रके, प्रवेशाच्या नोंदी आणि संशोधनाची आकडेमोड ज्या संगणकावर होते, तेथे मात्र निर्मात्याने ठरविलेली गतीच राखावी. काही मिनिटांच्या बचतीसाठी उत्तराच्या विश्वासार्हतेचा सौदा करणे अभ्यासकाला परवडणारे नाही.