बॅकअप होता, पण...

"काका, सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं तर कोणता कोर्स करू?" मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, एका कॉलेजकुमाराने मला विचारले. लिनक्स हवे, नेटवर्किंग हवे, शेल किंवा पायथॉनमध्ये छोटे प्रोग्रॅम लिहिता यायला हवेत, आता क्लाउडही चुकत नाही. ही यादी त्याला पाठच होती. म्हणून मी त्याला ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीची गोष्ट सांगितली.

गिटलॅब ही प्रोग्रॅमर मंडळींचे काम सांभाळून ठेवणारी कंपनी. त्यांच्या डेटाबेसची दोन मशीन्स होती. एक मुख्य, दुसरे त्याची सतत नक्कल करणारे. त्या रात्री नक्कल मागे पडली. ती पहिल्यापासून सुरू करावी म्हणून उशिरापर्यंत जागणाऱ्या एका इंजिनियरने दुसऱ्या मशीनवरचा डेटा पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात आले, अरे, आपण तर मुख्य मशीनवर आहोत! थांबवले तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

अशी चूक कोणाच्याही हातून होईल. (माझ्या होत नाही म्हणणाऱ्याने अजून पुरेशा रात्री जागवलेल्या नाहीत.) खरी कथा पुढेच आहे. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, ठेवायची जागा रिकामी! तसे कळवणारी ई-मेल निघायची, पण पलीकडचा मेल सर्व्हर ती नाकारायचा. म्हणजे रखवालदार ओरडत होता, पण घरात कोणाला ऐकूच येत नव्हते. डिस्कच्या प्रती काढण्याची सोय होती, ती डेटाबेसच्या मशीन्सना लावलेली नव्हती. शेवटी कामी आली ती त्याच इंजिनियरने सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत. साइट सुमारे १८ तास बंद राहिली. लोकांचे प्रोग्रॅम वाचले, पण त्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या. सुमारे ५,००० प्रोजेक्ट्स, तितक्याच कॉमेंट्स आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ लागली.

हे आपल्याला एवढे तपशीलवार ठाऊक आहे, कारण कंपनीने काही लपवले नाही. दुरुस्ती चालू असतानाच्या नोंदी जगासमोर ठेवल्या, यूट्यूबवर थेट दाखवल्या. माझ्या मते या धंद्यात हेही एक कौशल्यच आहे, आणि ते कुठल्या सर्टिफिकेटात मिळत नाही. नंतर त्यांनी ठरवलेल्या सुधारणांतली एक अगदी साधी होती: आपण कोणत्या मशीनवर आहोत ते स्क्रीनवर ठळक दिसावे.

मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण काका, हे रेझ्युमेवर कसं लिहायचं?"

"आधी करून तर बघ," मी म्हटले. "घरच्या फोटोंचा बॅकअप आहे ना? आज रात्री तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरव आणि फोटो उघडतात का बघ. किती वेळ लागला, कुठे अडलं, ते वहीत लिही. मुलाखतीत तेच सांग."

"आणि नाही उघडले तर?"

"तर आईला लगेच सांगू नकोस. आधी मला फोन कर."