तीव्र श्वसनबाधेत दोन औषधांचा संयोग

तीव्र श्वसनबाधेत फुप्फुसातील असंख्य वायुकोश द्रवाने भरतात किंवा मिटून जातात. त्यांच्याभोवती रक्त वाहत राहते, परंतु त्यास प्राणवायू मिळत नाही. हे रक्त तसेच हृदयाच्या डाव्या भागात येऊन शुद्ध रक्तात मिसळते. म्हणूनच रुग्णास निव्वळ प्राणवायू दिला तरी रक्तातील त्याचे प्रमाण पुरेसे वाढत नाही. अ‍ॅशबॉ, पेटी प्रभृतींनी १९६७ साली १२ रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले.

निरोगी फुप्फुसात या आपत्तीवर निसर्गाचीच योजना असते. जेथे प्राणवायू कमी, तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त इतरत्र वळते. ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरावरील प्रयोगांतून हे दाखविले. तीव्र श्वसनबाधेत ही योजना पुष्कळदा क्षीण होते. दोन औषधांच्या संयोगाचा हेतू तिला बळ देण्याचा होय.

यांपैकी नायट्रिक ऑक्साइड हा वायू श्वासावाटे दिला जातो. तो उघड्या वायुकोशांतच पोहोचतो व तेथील रक्तवाहिन्या रुंदावतो. रक्तात शिरताच हीमोग्लोबिन त्यास निष्प्रभ करते, त्यामुळे शरीराचा रक्तदाब उतरत नाही. दुसरे औषध अल्मिट्रीन. ते शिरेतून अल्प मात्रेत दिले असता प्राणवायुहीन भागातील आकुंचन वाढविते. पाटाचे पाणी देणारा शेतकरी एका वाफ्याचे दार मोडतो व दुसऱ्याचे बांधतो, तसाच हा प्रकार आहे. १९९० नंतरच्या दशकात फ्रान्समधील वैद्यांना या दोहोंच्या संयोगाने एकेकट्या औषधापेक्षा अधिक लाभ आढळला. शिवाय अल्मिट्रीनमुळे फुप्फुसातील वाढणारा रक्तदाब नायट्रिक ऑक्साइड काही अंशी आवरते.

तथापि रक्तातील प्राणवायू वाढणे म्हणजे रुग्ण वाचणे नव्हे. केवळ नायट्रिक ऑक्साइडच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ३८५ रुग्णांवरील चाचणीत प्राणवायू प्रथम वाढला, पण मृत्यूचे प्रमाण घटले नाही. उलट, २००० सालच्या ८६१ रुग्णांवरील चाचणीत यंत्राने द्यावयाच्या श्वासाचे आकारमान अपेक्षित वजनाच्या दर किलोग्रॅमला १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवले गेले. आरंभी या गटाच्या रक्तातील प्राणवायू कमी होता; तरीही मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. याचे कारण असे की, पुष्कळ रुग्ण प्राणवायूच्या अभावाने नव्हे, तर अनेक इंद्रिये निकामी होऊन दगावतात. आणि ताणलेले फुप्फुस त्या हानीत भरच घालते.

प्रस्तुत संयोगाने आयुष्य वाढते असे मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. अल्मिट्रीनच्या दीर्घ सेवनाने मज्जातंतूंस इजा होते. याच व वजन घटण्याच्या दोषामुळे त्याच्या गोळ्या युरोपीय संघात २०१३ साली बंद झाल्या. नायट्रिक ऑक्साइडने मूत्रपिंडास अपाय होण्याचा संभव असतो. तेव्हा हा संयोग म्हणजे उपचार नसून अवधी मिळविण्याचे साधन होय. मूळ रोगावरील इलाज व फुप्फुसास जपणारे श्वसन यांसाठी तो अवधी खर्ची पडला, तरच त्याचे सार्थक.