विद्यार्थी लघुपट : निर्मिती आणि प्रसार

प्रस्तावना

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्याची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली आणि ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट सिद्ध केला. भांडवल पुरवू शकणाऱ्या माणसाची या नव्या कलेविषयी खात्री पटावी, हा त्यामागील हेतू होता. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) त्यानंतर आला. लघुपट तयार करणे आणि तो नेमक्या माणसाच्या डोळ्यांपुढे नेणे ही दोन कामे आपल्याकडे आरंभापासूनच अशी एकमेकांना बांधलेली आहेत.

आज महाविद्यालयांच्या माध्यम व संज्ञापन विभागांत लघुपट हा अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. मोबाइल दूरध्वनीतील कॅमेरा आणि विनामूल्य मिळणारी संकलन-प्रणाली यांमुळे निर्मितीचा खर्च आटोक्यात आला. तथापि बहुतेक लघुपटांचे आयुष्य गुणपत्रिकेपाशीच संपते. परीक्षकांनी तो पाहिला, गुण दिले, की तो एखाद्या हार्ड डिस्कमध्ये विसावतो आणि पुढे ती डिस्कही नादुरुस्त होते. ज्या लोकांचे जगणे त्यात दाखविलेले असते त्यांनाही तो पाहावयास मिळत नाही. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका प्रकल्पाचा प्रवास

या संदर्भात ‘पिस्तुल्या’चे उदाहरण महत्त्वाचे ठरते. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेत असताना त्यांनी हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, परंतु परिस्थितीने चोरीकडे ढकललेल्या एका वंचित मुलाची ही गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कलाकृतीसाठीचा नॉन-फीचर विभागातील पुरस्कार त्यास मिळाला. त्यात प्रमुख भूमिका करणारा सूरज पवार हा मुलगा पुढे ‘फँड्री’तही (२०१३) दिसला. राजधानीतील नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील वर्गप्रकल्प इतका दूर जाऊ शकतो, हे यातून सिद्ध झाले. त्याच्या यशाचे श्रेय साधनांना देता येत नाही. जे जग इतरांनी पाहिलेले नाही आणि दिग्दर्शकाने जवळून पाहिले आहे, ते पडद्यावर आणल्याने ते लाभले.

पुण्याच्या भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत उमेश कुलकर्णी यांनी केलेला ‘गिरणी’ हा पदविका-लघुपट याच जातीचा. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाने, तिच्यामुळे अंगावर पडलेल्या कामांनी एका शाळकरी मुलाचे विश्व विस्कटते, एवढाच त्याचा जीव. यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. विद्यार्थ्यांच्या पटकथांत आढळणारे खून, आत्महत्या, स्वप्नातून दचकून जागे होणे आणि शेवटच्या क्षणी उलगडणारे रहस्य यांच्या तुलनेत गिरणी ही वस्तू किती साधी वाटते. परंतु ती कथेच्या केंद्रस्थानी असते, तिला आवाज असतो आणि तिच्यावाचून कथा उभी राहत नाही.

पटकथा व पूर्वतयारी

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील साधारण एक मिनिट, असा व्यवसायातील ढोबळ हिशेब आहे. दहा-बारा पानांत मावेल असा एकच प्रसंग निवडणे हे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. दीर्घ चित्रपटाची कथा आवळून लघुपट होत नाही. ऑस्कर पुरस्कारांच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतची कृती लघुपट मानली जाते, हे खरे. मात्र महोत्सवाच्या संयोजकाला एका सत्रात अनेक लघुपट बसवावयाचे असतात आणि पस्तीस मिनिटांच्या कृतीला जागा देताना त्याला इतर दोन-तीन वगळावे लागतात. लहान लांबी ही अशा रीतीने प्रसाराचीही सोय ठरते.

मर्यादेचा लाभ कसा घेता येतो, याचा अलीकडील दाखला चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाचा आहे. एका वृद्धेने गावचा कोंबडा पळविल्याने सूर्यच उगवेनासा होतो, या लोककथेवर आधारलेला हा सोळा मिनिटांचा लघुपट त्यांनी पुण्याच्या उपर्युक्त संस्थेतील एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमाच्या शेवटी केला. चित्रीकरणास अवघे चार दिवस होते. २०२४ च्या कान महोत्सवात चित्रपट-शाळांसाठी असलेल्या ‘ला सिनेफ’ विभागाचे प्रथम पारितोषिक त्याने पटकावले. त्याच संस्थेतील अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ला २०२० साली हाच मान मिळाला होता. या विभागात प्रवेश चित्रपटशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कृतींनाच असल्याने तेथील स्पर्धा समान पातळीवरील असते.

ध्वनी : उपेक्षित अंग

विद्यार्थी लघुपट बहुधा चित्रामुळे पडत नाही, ध्वनीमुळे पडतो. किंचित अंधारलेले दृश्य प्रेक्षक शैली म्हणून स्वीकारतो, परंतु ऐकू न येणारा संवाद तो क्षमा करीत नाही. कॅमेऱ्यात बसविलेला ध्वनिग्राहक बोलणाऱ्यापासून दहा फूट दूर असतो आणि त्यामुळे तो पात्राच्या आवाजाइतक्याच निष्ठेने पंख्याचा, रस्त्यावरील रिक्षाचा आणि खोलीतील घुमाऱ्याचा आवाज टिपतो. ध्वनिग्राहक काठीला लावून चौकटीच्या कडेपर्यंत, म्हणजे शक्य तितका तोंडाजवळ आणणे, हाच यावरील उपाय होय. महागडा कॅमेरा भाड्याने घेण्याऐवजी तोच पैसा एका बऱ्या ध्वनिग्राहकावर आणि तो धरणाऱ्या सावध सहकाऱ्यावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

चित्रीकरणापूर्वी पंखे व फ्रीज बंद करावे लागतात. (फ्रीज पुन्हा सुरू करण्याचा विसर पडू नये म्हणून गाडीची किल्लीच त्यात ठेवण्याची युक्ती जाणकार मंडळी वापरतात. दुसऱ्याच्या घरातील दूध नासल्यावर तेथे पुन्हा चित्रीकरणास परवानगी मिळणे कठीण!) प्रत्येक ठिकाणी काम संपल्यावर सर्वांनी निश्चल राहून किमान अर्धा मिनिट केवळ त्या जागेची शांतता ध्वनिमुद्रित करावी. तिला ‘रूम टोन’ म्हणतात. संकलनात दोन तुकडे जोडताना मधली निर्जीव पोकळी याच शांततेने भरली जाते. ती मुद्रित केली नसेल, तर प्रत्येक काटछाट प्रेक्षकाच्या कानाला खटकते आणि त्यावर कर्कश पार्श्वसंगीत पसरण्याचा मोह होतो.

हे पार्श्वसंगीत म्हणजेच पुढील अडचणीचे मूळ. लोकप्रिय चित्रपटगीताचा तुकडा वर्गातील सादरीकरणात खपून जातो. तोच लघुपट आंतरजालावर चढविला, की स्वामित्वहक्काचा दावा येतो, आणि महोत्सवाच्या प्रवेशपत्रावर तर संगीताचे हक्क आपल्याकडे असल्याचे लिहूनच द्यावे लागते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि गीत व चाल यांचे हक्क निराळे असतात. संगीत शिकणाऱ्या एखाद्या सहाध्यायाकडून मूळ चाल करून घेऊन त्याची लेखी संमती ठेवणे, हा स्वस्त आणि निर्धोक मार्ग आहे.

हक्क आणि संमती

लघुपट कोणाचा, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारीत नाहीत. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. संस्थेच्या पैशाने व साधनांनी झालेल्या कृतीवर संस्था हक्क सांगू शकते आणि तिच्या परवानगीशिवाय महोत्सवात प्रवेशिका पाठविणे अडचणीचे ठरू शकते. पाच मित्रांनी वर्गणी काढून केलेल्या लघुपटात प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण मैत्री असेपर्यंत कोणी कागद करीत नाही आणि पारितोषिक मिळाल्यावर तो करावयास कोणी तयार नसते. एका पानाचा करारनामा चित्रीकरणापूर्वी झालेला बरा.

मुलांच्या बाबतीत काळजी अधिक हवी. बालकामगार कायद्याच्या २०१६ मधील दुरुस्तीने व त्यानंतरच्या नियमांनी बालकलाकाराच्या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला कमाल पाच तास आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम नाही, अशा मर्यादा घातल्या आहेत. गावातील वा वस्तीतील लोकांचे चित्रीकरण करताना कायद्यापलीकडचे एक भान लागते. आपले दारिद्र्य पुण्या-मुंबईच्या सभागृहात टाळ्या घेणार आहे, हे चित्रीत माणसाला आधी ठाऊक असावयास हवे. संमतिपत्रावर अंगठा घेतल्याने ते आपोआप ठाऊक होत नाही.

प्रसाराची वाट

प्रसाराचा आरंभ चित्रीकरणाच्या दिवशीच होतो. पोस्टर, प्रवेशपत्रिका व वृत्तपत्रातील बातमी यांसाठी उत्तम छायाचित्रे लागतात, आणि चित्रफितीतून काढलेली चौकट छपाईत बहुधा धूसर दिसते. चमूतील एकाने स्वतंत्र कॅमेऱ्याने स्थिरचित्रे टिपलेली असावीत. पन्नास शब्दांत कथासार लिहिणे हे पटकथेइतकेच अवघड काम आहे. त्यात ‘माणुसकीचा शोध’ यांसारखी पदे टाळून कोण, कोठे आणि काय अडचणीत आहे, एवढेच सांगावे. इंग्रजी उपशीर्षके मातृभाषकाने रचावीत आणि ती भाषा न जाणणाऱ्याला दाखवून तपासावीत. बोलीतील म्हण शब्दशः उतरविल्याने गंभीर प्रसंगी सभागृह हसल्याचे प्रकार घडतात.

त्यानंतर क्रमाचा प्रश्न येतो. अनेक मोठे महोत्सव आधी कोठेही न दाखविलेली, विशेषतः आंतरजालावर खुली न केलेली कृती पसंत करतात. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी उत्साहाने यू-ट्यूबवर चढविलेला लघुपट ही दारे स्वतःच बंद करून घेतो. प्रथम महोत्सव, मग आंतरजाल, हा क्रम म्हणून रूढ आहे. १९९० पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव लघुपट व माहितीपटांसाठीच आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आणि केरळच्या लघुपट महोत्सवातही विद्यार्थ्यांच्या कृतींना स्थान असते. प्रवेशिका आता बहुधा फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळांवरून पाठविल्या जातात. येथे सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. प्रवेशशुल्क गोळा करणे हाच ज्यांचा उद्योग आहे आणि दर महिन्याला शेकडो ‘पारितोषिके’ ई-पत्राने वाटली जातात, अशा नाममात्र महोत्सवांचे पीक आले आहे. जेथे सभागृह, तिकीट वा प्रेक्षक नाहीत, तेथील सन्मानचिन्ह पोस्टरवर छापल्याने जाणकारांच्या लेखी कृतीची किंमत कमीच होते.

चित्रपट अधिनियम, १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनास केंद्रीय प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना केंद्र शासनाकडून सूट मिळते आणि आंतरजालावरील प्रदर्शनाला हे प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांना या प्रक्रियेशी तोंडओळखही नसते आणि पुढे एखाद्या चित्रपटगृहाने विचारणा केली, की धावपळ होते.

या सर्व वाटांत सर्वाधिक दुर्लक्षित वाट सर्वांत जवळची आहे. एक प्रक्षेपक, पांढरी चादर आणि बरा ध्वनिक्षेपक एवढ्यावर जेथे चित्रीकरण झाले त्या गावात, शाळेच्या पटांगणात लघुपट दाखविता येतो. उजेड पुरता मावळल्यावर, रात्रीच्या जेवणानंतरची वेळ धरावी. प्रदर्शनापूर्वी ग्रामपंचायतीला व मुख्याध्यापकांना पत्र द्यावे, वीज खंडित झाल्यास जनित्राची सोय असावी, आणि ज्यांनी आपले घर, बैल किंवा अंगण चित्रीकरणासाठी दिले त्यांची नावे श्रेयनामावलीत वाचता येतील इतक्या संथ गतीने सरकावीत.