ओहमचा नियम शेतात

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम एका ओळीत सांगितलेला असतो. त्याखालची उदाहरणे सोडविणाऱ्या विद्यार्थ्यास, उत्तरे पुस्तकाच्या अखेरीस छापलेली आहेत हे ठाऊक असल्यामुळे, त्या नियमाविषयी ना कधी शंका येते, ना कुतूहल वाटते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी मात्र विज्ञान आश्रमाच्या विद्यार्थ्यांनी हाच नियम शेतात नेला. हा मुलूख पर्जन्यछायेतला, आणि विहीर कोठे खणावी हा प्रश्न येथील शेतकऱ्याच्या साऱ्या मिळकतीशी निगडित. जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून विद्युत्प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजायचा; दाबास प्रवाहाने भागले की ओहमच्या नियमानुसार जमिनीचा रोध कळतो. सळयांतील अंतर वाढवीत गेले म्हणजे प्रवाह अधिकाधिक खोल थरांतून वाहतो, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या भेगाळ खडकाचा रोध अखंड काळ्या पाषाणाहून पुष्कळ कमी असल्यामुळे, अंतर व रोध यांच्या आलेखावरून भूगर्भातील पाण्याचा अदमास बांधता येतो. अदमासच तो, कारण ओली चिकणमातीही कमी रोध दाखविते. म्हणून शेजारच्या विहिरींत कोणते थर लागले याची चौकशी विद्यार्थ्यास करावीच लागते. येथे चुकीची शिक्षा गुणपत्रिकेवर नव्हे, कोरड्या विहिरीच्या रूपाने भोगावी लागते, आणि म्हणूनच मोजमाप पुन्हा घेण्याची बुद्धी कोणी न सांगता उपजते.

या आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनविभागातील प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला हे कार्य आरंभिले, ते खेड्यातील मुलास हाताने काम करता करता विज्ञान शिकविता येईल आणि त्याच कामातून गावाची सेवाही घडेल, या श्रद्धेने. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या विषयांचे काम प्रत्येक विद्यार्थ्याने आळीपाळीने करावयाचे, अशी त्यांची रचना होती. पुढे ती अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारली.

पाबळचे घुमट याच वृत्तीचे फळ होत. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून उभारलेल्या सांगाड्यावर जाळी ताणून सिमेंटचा गिलावा दिला की घर उभे राहते. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचा आकार बदलत नाही, चौकोन मात्र बाजू तशाच राहूनही कलंडतो; भूमितीतील हे प्रमेय वहीत उतरविणारा मुलगा ते विसरू शकतो, पण एक पट्टी चुकीच्या मापाने कापल्यामुळे शेवटचे भोक जुळत नाही असे ज्याने पाहिले, तो सहसा विसरत नाही. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने जगातील आरंभीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांनी वस्तू घडविण्याच्या कार्यशाळांपैकी, एक याच खेड्यात स्थापन झाली, यात मला नवल वाटत नाही. गरजा आणि हात दोन्ही तेथे आधीपासून तयार होते.

याउलट, आज कित्येक शाळांच्या दप्तरी यंत्रसामग्रीच्या खरेदीचे दाखले व्यवस्थित असतात, कपाटेही भरलेली असतात, परंतु त्या सामग्रीने सोडवावा असा प्रश्न कोणी गावात जाऊन विचारलेला नसतो. शाळांना प्रयोगांची साधने पुरविणारी अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून अंमलात आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद केली आहे. या सोयी निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्या परीक्षेत फसलेल्या प्रयोगाला शून्य मिळते, तिच्या छायेत वाढणाऱ्या मुलाने अनोळखी प्रश्नाला हात घालावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. धाडस हा स्वभावाचा गुण कमी आणि संधीचा परिणाम अधिक असतो.

शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती एवढीच, की नव्या उपकरणाची मंजुरी मागण्यापूर्वी त्यांनी गावातील एक खरी अडचण फळ्यावर लिहावी, मग ती गळक्या टाकीची असो वा धुराने भरणाऱ्या चुलीची, आणि ती सोडविताना मुलांनी लिहिलेल्या वहीस, प्रयोग फसला तरीही, पुरे गुण द्यावेत.