पटकीची साथ आणि जलसंजीवनी : शास्त्रीय पुराव्याच्या उपयोजनाचा अभ्यास

प्रस्तावना :

पटकी (कॉलरा) हा रोग धडधाकट माणसाचा बळी काही तासांत घेऊ शकतो. व्हिब्रिओ कॉलरी या जिवाणूने दूषित झालेले पाणी वा अन्न पोटात गेले की जुलाब व उलट्यांवाटे शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने बाहेर पडतात. रुग्ण दगावतो तो प्रामुख्याने या निर्जलीकरणामुळे. शिरेवाटे सलाईन दिल्यास तो वाचतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य झाले होते. परंतु सलाईनच्या बाटल्या, निर्जंतुक सुया व प्रशिक्षित कर्मचारी या गोष्टींची जेथे वानवा असते, तेथेच पटकीची साथ बहुधा पसरते. हा पेच तोंडावाटे द्यावयाच्या जलसंजीवनीने सोडविला. प्रयोगशाळेतील पुरावा गरीब प्रदेशातील रुग्णापर्यंत कसा पोहोचला आणि कोठे अडला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रयोगशाळेतील पुरावा :

लहान आतड्यात ग्लुकोजचे शोषण सोडियमच्या जोडीने होते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. सोडियम आत गेले की त्यामागे पाणीही जाते. पटकीच्या विषामुळे आतड्यातून क्षार व पाणी मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकले जात असले, तरी ही जोडवाट शाबूत राहते. म्हणजेच नुसते मिठाचे पाणी फारसे शोषले जात नाही. त्यात योग्य प्रमाणात ग्लुकोज मिसळले तर शोषले जाते.

येथे ‘योग्य प्रमाणात’ हे शब्द कळीचे आहेत. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी मनिला येथे रॉबर्ट फिलिप्स यांनी केलेल्या एका चाचणीत क्षारांचे प्रमाण जास्त असलेले द्रावण वापरले गेले. त्यात काही रुग्णांचा मृत्यू झाला आणि हा मार्ग काही काळ मागे पडला. पुढे १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी रुग्णाने गमावलेल्या द्रवाचे काटेकोर मोजमाप करून तेवढेच द्रावण तोंडावाटे दिले. त्यामुळे शिरेवाटे द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. कल्पना योग्य असली तरी मोजमापाविना ती घातक ठरते, हे या दोन प्रयोगांच्या तुलनेतून दिसते.

छावणीतील कसोटी :

रुग्णालयात सिद्ध झालेली पद्धती गर्दीत, चिखलात आणि अपुऱ्या मनुष्यबळात टिकेल काय, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्याचे उत्तर १९७१ मध्ये मिळाले. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथील रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडून रुग्ण जमिनीवर निजविले जात होते. सलाईनचा साठाही संपत आला होता. अशा वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे उपचार करण्याचा निर्णय घेतला. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कलकत्त्यात पिशव्यांत भरून छावणीत आणले जाई. द्रावण पिंपांत तयार होई व रुग्णाचे नातेवाईकच ते त्याला पाजत. अत्यवस्थ रुग्णांना प्रथम सलाईन दिले जाई. शिल्लक साठा त्यांच्यासाठीच राखला होता.

पूर्वी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेला मृत्युदर या उपचाराखालील तीन हजारांहून अधिक रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला. आणीबाणीच्या त्या परिस्थितीत तुलनेसाठी स्वतंत्र गट ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे काटेकोर चाचणीचे निकष हा अनुभव पूर्ण करीत नाही. तथापि त्यामागे ढाक्यातील नियंत्रित प्रयोगांचा आधार होता. डॉक्टरांखेरीज इतरांच्या हातीही हा उपचार सोपविता येतो, हा त्यातून पुढे आलेला नवा पुरावा होता.

घरातील कसोटी :

यापुढचा टप्पा बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने गाठला. १९८० ते १९९० या काळात तिच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन सुमारे १ कोटी २० लाख मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व ठरावीक पाणी यांचे द्रावण शिकविले. मातांनी केलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले. कार्यकर्तीचे मानधनही मातांच्या लक्षात किती राहिले, यावर ठरविले गेले.

तरीही प्रारंभी माता द्रावण अचूक करू शकत होत्या, पण मूल आजारी पडल्यावर ते फारच थोड्या वापरीत. संस्थेने कारणांचा शोध घेतला, तेव्हा खुद्द कार्यकर्त्यांचाच या उपचारावर पुरेसा विश्वास नसल्याचे आढळले. शिवाय घरातील पुरुषांना या शिक्षणातून वगळले गेले होते. त्यानुसार प्रशिक्षण बदलले आणि मशिदी व बाजारांत पुरुषांशीही संवाद सुरू झाला. अपयशाचीही पद्धतशीर नोंद ठेवल्यामुळेच ही सुधारणा शक्य झाली.

अपुरा राहिलेला प्रवास :

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) अतिसार झालेल्या सुमारे ६१ टक्के बालकांना जलसंजीवनी मिळाली. म्हणजे दहांपैकी जवळपास चार बालके तिच्यापासून वंचित राहिली. कर्नाटक व बिहारमधील दोन हजारांहून अधिक खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना जलसंजीवनी नको असते, असा व्यावसायिकांचा समज हे ती न देण्याचे सर्वांत मोठे कारण ठरले. तुटवडा किंवा आर्थिक लाभ यांचा वाटा त्यामानाने बराच कमी होता. पालकाने स्वतःहून मागणी केल्यास ती देण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. उपचार ठाऊक होता, स्वस्तही होता. तरी एका चुकीच्या समजापायी तो बालकापर्यंत पोहोचत नव्हता.

निष्कर्ष :

१. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तत्त्व हा पुराव्याचा प्रारंभ होय. रुग्णालय, छावणी व घर या प्रत्येक ठिकाणी त्याची नव्याने कसोटी घ्यावी लागते.

२. साधनांच्या अभावी काटेकोरपणाला फाटा देता येत नाही. स्वस्त उपचारालाही अचूक मोजमाप लागते.

३. लोकांचे व उपचार करणाऱ्यांचे समज हाही संशोधनाचा विषय आहे. ते गृहीत धरल्यास सिद्ध झालेला उपायही वाया जातो.

समारोप :

डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. बनगावच्या अनुभवाला तोवर पन्नास वर्षे उलटून गेली होती. जलसंजीवनी शोधण्याचे काम कधीच पूर्ण झाले आहे. ती प्रत्येक आजारी बालकाच्या ओठांपर्यंत नेण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे. त्यासाठी वैद्यकशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या अभ्यासकांचीही तितकीच गरज आहे.